अर्धा काळा रंग

मुरबाड-शहापूरच्या नकाशावर एका नदीचे नाव काळू आहे आणि दुसरीचे शाई. नावांवरून इतिहास रचायचा मोह मोठा असतो, पण तो आवरलेला बरा. या नद्यांचे पाणी इतर कोणत्याही कोकणी नदीसारखेच आहे. पावसाळ्यात तांबूस गढूळ आणि उन्हाळ्यात डोहापुरते उरलेले. तरीही नकाशा पाहताना मला दर वेळी एक जुना व्यवहार आठवतो. याच मुलखाच्या कड्यांवर आणि उतारांवर काळ्या रंगाचा एक अर्धा भाग पिकत आला आहे. दुसरा अर्धा इथे कधीच नव्हता. तो शेकडो कोसांवरून, कुजलेल्या खनिजांच्या पोटातून यायचा.

इथला अर्धा म्हणजे हिरडा. नाणेघाट, माळशेज, अहुपे या घाटांच्या माथ्यावर आणि त्याखालच्या रानांत हिरड्याची झाडे आहेत. महादेव कोळी, ठाकर, कातकरी यांच्या बायकापोरांनी ती फळे वेचायची, वाळवायची आणि बाजारात घालायची, हा क्रम पिढ्यांचा आहे. हिरडा म्हटले की आज घरातल्या माणसाला पोट साफ करणारे चूर्ण आठवते किंवा सहाणेवर उगाळलेली बाळगुटी. पण मोल्सवर्थचा मराठी कोश उघडला (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७), तर हिरड्याचे प्रकार वेगळीच गोष्ट सांगतात. कोवळ्यापणी गळालेला तो बाळहिरडा, उत्तम पोसलेला तो सुरवारी हिरडा, आणि या दोघांच्या मध्ये चांभारी हिरडा व रंगारी हिरडा. फळाच्या जातीला गिऱ्हाइकाच्या धंद्याचे नाव! वैद्याच्या आधी किंवा निदान वैद्याच्या बरोबरीने हे फळ कोण विकत घेत असे, ते भाषेनेच नोंदवून ठेवले आहे.

चांभाराला आणि रंगाऱ्याला त्यातले हवे असे ते टॅनिन. वाळलेल्या हिरड्याचा सुमारे तिसरा हिस्सा या तुरट द्रव्याचाच असतो. ते कातड्यातल्या प्रथिनांना धरून बसते, म्हणून कातडे कुजत नाही. सुतालाही ते धरते. पण एकट्या हिरड्याने कापड जेमतेम पिवळट होते. काळे होण्यासाठी लोह लागते. हिरड्याचा काढा लोखंडी कढईत करून रात्रभर तसाच ठेवला, तर सकाळी कढईत शाई तयार असते, आणि ज्या घरात ही चूक एकदा झाली आहे, त्या घरात काढ्याचे भांडे पुढे ठरलेले असते. कढईतून सुटलेले तेवढे लोह घरच्या गंमतीपुरते. हंड्यांनी रंग करायचा तर सहज विरघळणारे, मोजून टाकता येणारे, पुडीत बांधता येणारे लोह हवे. त्याचे नाव हिराकस.

हिराकस म्हणजे हिरवट काचेसारखे खडे. लोह, गंधक आणि पाणी यांचा हा क्षार. रसायनाच्या पुस्तकात फेरस सल्फेट, खनिजांच्या पुस्तकात मेलँटराइट. त्याचे दोन भाऊ गाववाण्याच्या दुकानात त्याच्याच शेजारच्या डब्यांत असायचे. एक निळा मोरचूद, म्हणजे तांब्याचे सल्फेट, आणि दुसरी पांढरी तुरटी, म्हणजे पोटॅश आणि अॅल्युमिनियम यांचे जोडसल्फेट. हिरवा, निळा, पांढरा. तिघांचे घराणे एकच, आणि तिघांपैकी एकही मुरबाड-शहापूरच्या मातीतला नाही.

का नाही, हे माहुलीच्या सुळक्यांकडे किंवा गोरखगडाच्या कड्याकडे पाहिले की कळते. सगळा काळा पत्थर. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर ओतलेल्या लाव्हाचा हा बेसाल्ट. त्यात लोह भरपूर आहे, दर शंभर भागांत दहाच्या वर लोहाचे ऑक्साइड भरते, पण ते ऑक्सिजन आणि सिलिका यांच्याशी बांधलेले आहे. गंधक मात्र नावापुरते. असला दगड झिजला की लाल माती होते, जांभा होतो, पोकळ्यांत झिओलाइटचे पांढरे स्फटिक बसतात. सल्फेटांसाठी आधी सल्फाइड लागते: गंधकाशी जोडलेले लोखंड, तांबे, शिसे, जस्त. ती घरे सह्याद्रीच्या या बाजूला नाहीत. महाराष्ट्रात ती थेट पूर्व टोकाला, बेसाल्ट संपतो तिथे सापडतात. चंद्रपूर जिल्ह्यातले ठाणेवासनाचे तांबे हे त्यातले परिचित. त्यातून इथे एखादी शीर असती, तरी वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास कोसळणाऱ्या पावसाने तिच्यावरचा क्षार पहिल्याच मृगात धुऊन खाडीला नेला असता. हे क्षार पाण्यात साखरेसारखे विरघळतात. त्यांना साठायला कोरडा देश लागतो.

असा देश म्हणजे राजस्थानातली शेखावाटी. तिथल्या खेतडी आणि सिंघाना या गावांभोवतीच्या टेकड्यांत तांब्याच्या जुन्या खाणी आहेत. खेतडी म्हटले की आपल्याकडे विवेकानंदांचे स्नेही राजा अजितसिंह आठवतात. पण त्या संस्थानाची खरी ख्याती डोंगराच्या पोटातली होती. खाणकऱ्यांनी तांबे काढून घेतल्यावर जो पाटीचा चुरा बाहेर फेकला, त्यात कमी प्रतीचे सल्फाइड उरलेले असे. त्याला हवा लागे, दव लागे, थोडा पाऊस लागे. मग दगड कुजू लागे. ‘कुजणे’ हा शब्द मी अलंकार म्हणून वापरत नाही. सोनेरी दिसणाऱ्या पायराइटमधला गंधक हवेतल्या ऑक्सिजनने आणि पाण्याने गंधकाम्ल होतो, लोह त्यात विरघळून हिराकस होतो, आणि ते आम्ल शेजारच्या तांब्याच्या खनिजाला खाऊन मोरचूद करते. दगडातले अॅल्युमिनियम सापडले तर तुरटीचा मालही तयार. या कामाला जिवाणू हातभार लावतात, हे विज्ञानाला १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या कोळशाच्या खाणींच्या आंबट पाण्यात समजले. हवेने शंभर वर्षांत जे व्हायचे, ते हे जिवाणू थोड्या काळात उरकतात, आणि मोबदल्यात त्यांना जगण्यापुरती ऊर्जा मिळते.

खेतडीच्या माणसांना जिवाणू ठाऊक नव्हते, चव ठाऊक होती. फेकलेला चुरा पाण्यात भिजवायचा, ते पाणी आटवायचे आणि त्यातून खडे धरायचे. एकोणिसाव्या शतकात तिथे गेलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी मोरचूद, हिराकस आणि तुरटी हे तिन्ही माल याच खाणींच्या टाकाऊ दगडातून निघत असल्याचे लिहिले आहे. म्हणजे तांबे हा पहिला माल, आणि तांब्याचा उकिरडा हा दुसरा. आपल्या रंगाऱ्यांचा काळा रंग अशा उकिरड्यावरून येत होता.

तुरटीचे मोठे घर मात्र कच्छमध्ये, मातानो मढ इथे. आशापुरा देवीचे ठाणे म्हणून हे गाव आपल्याकडच्या कच्छी व्यापाऱ्यांना पूज्य आहे. तिथल्या मातीत पायराइट आहे. ती माती खणून काही महिने उन्हावाऱ्यात ढीग घालून ठेवत, मग वाफे करून पाणी देत. वाफ्यांवर क्षाराची खपली धरे. ती खरवडायची, पाण्यात उकळायची, सोरा किंवा दुसरा एखादा पोटॅशचा क्षार त्यात घालायचा आणि थंड करायचे. शेतकऱ्याने वाफे करावेत, पाणी द्यावे आणि पीक म्हणून तुरटी काढावी, असा हा प्रकार. मांडवी बंदरातून ती मुंबईला येई. आपल्या रसशास्त्राच्या ग्रंथांत तुरटीच्या मातीला ‘सौराष्ट्री’ हे नाव आहे. माल कुठून येतो ते नावातच. मोरचुदाला तिथे ‘सस्यक’ किंवा ‘मयूरतुत्थ’ म्हटले आहे, कारण त्याचा रंग मोराच्या गळ्याचा. हिराकस म्हणजे ‘कासीस’. ‘रसरत्नसमुच्चय’ सस्यकातून तांबे काढता येते असे सांगतो, आणि ते अगदी खरे आहे. मोरचुदाच्या पाण्यात लोखंडी खिळा सोडला की थोड्या वेळात त्यावर तांबे चढते. शाळेत हा प्रयोग आपण सगळ्यांनी पाहिला आहे आणि बहुतेकांनी तेव्हा पलीकडच्या बाकाकडे लक्ष ठेवले आहे.

मातानो मढची आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. २००४ मध्ये ऑपॉर्च्युनिटी ही गाडी मंगळावर उतरली आणि मेरिडियानी पठारावर तिला जॅरोसाइट सापडला. हा लोह आणि पोटॅश यांचा पिवळसर सल्फेट. आंबट पाण्याशिवाय तो होत नाही, म्हणून मंगळावर कधीकाळी पाणी होते याचा तो साक्षीदार ठरला. पृथ्वीवर असे, बेसाल्टाच्या सान्निध्यातले जॅरोसाइट शोधता शोधता आपले संशोधक मातानो मढला पोहोचले आणि २०१६ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. कच्छमधला तो बेसाल्ट म्हणजे आपल्याच दख्खनच्या लाव्हाचे उत्तरेकडचे टोक. म्हणजे माहुलीचा दगड आणि मातानो मढचा दगड एकाच भट्टीचे. इकडे पावसाने त्याची भातखाचरे केली, तिकडे कोरड्या हवेने आणि गंधकाने त्याची तुरटी केली, आणि तिकडचा माल उंटावरून, गलबतातून आणि बैलांच्या पाठीवरून इकडच्या घरात आला.

या वाहतुकीचे वय किती? मुरबाडकराला उत्तरासाठी लांब जावे लागत नाही. मुरबाडपासून वर चढणारा नाणेघाट हा कल्याण आणि जुन्नर यांना जोडणारा सातवाहनांचा जकातमार्ग. घाटमाथ्यावरचा तो दगडी रांजण आजही उभा आहे; जकातीचे नाणे त्यात पडे अशी समजूत. शेजारच्या लेण्यात राणी नागनिकेचा शिलालेख आहे आणि त्यात यज्ञाच्या दक्षिणांचे आकडे कोरले आहेत. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशी-पुस्तकात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे: तांबे, कथील, शिसे, मनशीळ, सुरमा. त्याच पुस्तकात कल्याणचे नाव आहे आणि तिथे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात अशी तक्रारही. घाटाच्या वर, जुन्नरच्या लेण्यांतल्या एका शिलालेखात कासकारांच्या, म्हणजे कासारांच्या, श्रेणीकडे ठेव ठेवल्याची नोंद आहे. सहाव्या शतकात कॉस्मस नावाचा अलेक्झांड्रियाचा व्यापारी-साधू कल्याणहून तांबे-पितळ, शिसवी लाकूड आणि कापड निघते असे लिहितो. धातू खाली-वर करणाऱ्या या वाटेवर धातूंचे क्षार येत नसतील असे मानायला मी तयार नाही. पण यादीत हिराकसाचे नाव नाही, तेव्हा मी एवढ्यावर थांबतो. पुड्यांचा माल याद्यांत येत नाही. तो मिठाच्या आणि सुपारीच्या गोणीमागून चालतो.

‘पेरिप्लस’च्याच काळात रोममध्ये प्लिनी स्पेनच्या खाणींतल्या पाण्याचे वर्णन करत होता. ते पाणी उकळून लाकडी टाक्यांत ओतायचे, आडव्या दांड्यांवरून दगड बांधलेल्या दोऱ्या आत सोडायच्या, आणि काही दिवसांनी दोऱ्यांना काचेच्या द्राक्षांसारखे घड लागायचे. या क्षाराला रोमन लोक जे नाव देत त्याचा अर्थ चांभाराची शाई. तिकडे क्षाराला चांभाराचे नाव, इकडे फळाला. दोन्ही भाषांना गिऱ्हाईक एकच दिसले.

इकडचा रंगारी काम कसे करीत असे ते पाहण्यासारखे आहे. रंगारी आधी कापड धुऊन खळ काढी. मग कुटलेल्या हिरड्याच्या पाण्यात ते भिजवून पिळून वाळवी. कापड आता पिवळसर, तुरट, जिभेला लावले तर जीभ आखडेल असे. मग ते हिराकसाच्या पाण्यात बुडवायचे. बुडवताच ते करडे होई; पण काळा त्याला लगेच मिळत नसे. बाहेर काढून हवेत झटकल्यावर, वाऱ्याला टांगल्यावर काळेपण चढत जाई, कारण लोहाला पूर्ण काळे व्हायला हवेतला ऑक्सिजन हवा असतो. म्हणून एकदा हिरडा, एकदा हिराकस, एकदा वारा असे फेरे होत. हिराकस जास्त झाला तर काही वर्षांनी कापडाचा जीव जाई. घडीवर चरा पडे. कमी झाला तर काळा न होता राखी होई. हे प्रमाण हाताला ठाऊक असे, वहीत नसे. हिराकस मिळाला नाही तर लोखंडाचे तुकडे आणि गूळ पाण्यात आंबवून लोहाचे पाणी करीत. तेही चाले, पण त्याला दिवस लागत आणि वास सुटे. बाजारातला हिराकस सोपा होता. सोपेपणा नेहमी जिंकतो.

शाईचे गणित तेच. हिरडा, हिराकस, बांधायला बाभळीचा डिंक. मात्र इथे एक गैरसमज दूर करायला हवा. मराठ्यांच्या दप्तरांतली मोडी लिहिणारी बोरूची शाई मुख्यतः काजळीची आहे. काजळी म्हणजे निव्वळ कोळसा; त्याला काळ काही करू शकत नाही, पाणी लागले तर पुसते एवढेच. म्हणून पेशवे दप्तरातला दोनशे-अडीचशे वर्षांचा कागद उघडला तरी अक्षर कालचे वाटते. हिरडा-हिराकसाची शाई वेगळी. ती कागदाच्या तंतूत शिरते, धुऊन जात नाही, आणि तिथेच बसून आपले काम चालू ठेवते. ते काम काय, ते पुढे येईलच.

आता एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर येऊ, कारण तिथे या दोन अर्ध्यांची वाट फुटते. १८५३ मध्ये ठाण्यापर्यंत आलेली आगगाडी १८५५ मध्ये वाशिंदला, १८६० मध्ये आसनगावला आणि १८६१ च्या पहिल्या दिवशी कसाऱ्याला पोहोचली. शहापूर तालुका रुळांवर आला. मुरबाड तेव्हा रुळांपासून दूर राहिला तो आजही तसाच आहे. त्याचा माल कल्याणपर्यंत गाडीवाटेने जायचा. रेल्वेला स्लीपर हवे होते, मुंबईला जळण आणि कोळसा हवा होता, आणि विलायतेतल्या चामड्याच्या कारखान्यांना हिरडा हवा होता. लंडनच्या बाजारात हिरड्याच्या प्रती बंदरांच्या आणि गावांच्या नावाने ओळखल्या जात: भीमली, जबलपुरी, राजापुरी आणि वेंगुर्ला. वेंगुर्ल्याचे नाव इंग्लंडातल्या चांभाराच्या तोंडी होते, ही गोष्ट मला काजूच्या निर्यातीपेक्षा जास्त आवडते.

किंमत आली की हक्क जातो. १८७८ चा भारतीय वन कायदा झाला आणि ठाणे जिल्ह्याची रानं सरकारी राखीव जंगलांत मोजली जाऊ लागली. मुरबाड-शहापूरच्या भातशेतकऱ्याचा प्राण राबात होता: झाडांच्या फांद्या, पालापाचोळा आणि शेण रोपवाटिकेवर पसरून जाळायचे, मग त्या राखेत भात पेरायचे. फांद्या तोडणे गुन्हा ठरले. कातकऱ्यांचे तर नावच खैरापासून कात पाडण्याच्या धंद्यावरून आलेले. खैर बंद म्हणजे जात बंद. (कातही टॅनिनच, हे जाता जाता, लोखंड लागले की तोही काळा पडतो.) हिरडा हे ‘गौण वनउत्पन्न’ झाले आणि त्याचे मक्ते निघू लागले. वेचणारा तोच राहिला, मालक बदलला. ठाणे जिल्ह्यात यावर इतकी ओरड झाली की मुंबई सरकारला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांच्या तक्रारी ऐकून त्याने १८८७ मध्ये आपला अहवाल दिला. राब खरेच आवश्यक आहे की ही शेतकऱ्याची अंधश्रद्धा आहे, यावर साहेबांनी पाने भरली. राखेने तण आणि कीड मरते, जमीन भुसभुशीत होते, हे कोणत्याही म्हातारीने एका वाक्यात सांगितले असते.

इकडे हिरडा परदेशी जात असताना तिकडून उलटा माल येऊ लागला. त्याच्यामागे जी गोष्ट आहे ती रसायनशास्त्रातल्या मला सर्वांत चटका लावणाऱ्या गोष्टींपैकी एक आहे. गंधकाचा तेजाब, म्हणजे गंधकाम्ल, जुन्या काळी हिराकस भट्टीत तापवून काढत असत. हिराकस आई, तेजाब मूल. १७४६ मध्ये बर्मिंगहॅमला जॉन रोबक याने शिशाच्या खोल्यांत गंधक जाळून तेजाब स्वस्तात करायची रीत बसवली आणि नाते उलटले. आता तेजाबात भंगार लोखंड टाकले की हिराकस, भंगार तांबे टाकले की मोरचूद. कुजण्याची वाट पाहायला नको, ढीग नकोत, वाफे नकोत. निसर्गाला जे काम करायला वर्षे लागत, ते इंग्लंडातल्या हौदात काही दिवसांत होऊ लागले, आणि ते खडे मुंबईच्या गोदीत खेतडीच्या खड्यांपेक्षा स्वस्त पडले. खेतडीचे उकिरडे ओस पडले. मातानो मढची वाफ्यांतली शेतीही हळूहळू थांबली. रंगाऱ्याला फरक कळला नसेल. उलट नवा हिराकस अधिक स्वच्छ आणि एकसारखा होता. पण पुढचा तडाखा त्याच्यावरच होता. १८५६ मध्ये पर्किनने डांबरापासून जांभळा रंग काढला, १८६३ मध्ये अॅनिलिनचा काळा आला, आणि हिरडा-हिराकस-वारा असे फेरे घालायची गरज संपली. चामड्यासाठी क्रोमची रीत १८८० च्या दशकात निघाली आणि हिरड्याचेही दिवस मोजले जाऊ लागले. तरी तो संपला नाही. औषधाने त्याला तगवले.

मोरचुदाने मात्र नवा जन्म घेतला. १८८५ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दो शहरातल्या मिलार्दे या प्राध्यापकाने मोरचूद आणि चुन्याचे पाणी द्राक्षांवरच्या केवड्याला मारते हे जाहीर केले. त्याच्या कानावर आलेली मूळ गोष्ट गमतीची होती: रस्त्याकडेच्या वेलींवरची द्राक्षे वाटसरूंनी चोरू नयेत, ती विषारी दिसावीत म्हणून शेतकरी हा निळा लेप फासत, आणि त्या वेली रोगापासून वाचल्या. आज नाशिकचा बागायतदार, कोकणातला सुपारी-नारळवाला हे मिश्रण ‘बोर्डो’ म्हणतो आणि ते मराठीच मानतो. घाटावर ज्वारीची काणी टाळण्यासाठी बी मोरचुदाच्या पाण्यात बुडवून पेरायची रीत शेतकी खात्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिकवली होती.

तुरटीची कहाणी थेट शहापूरच्या पाण्याशी येऊन भिडते. तानसा तलाव १८९२ मध्ये बांधून झाला, वैतरणेवरचा मोडकसागर १९५७ मध्ये, मग भातसा. मुंबईच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा फार मोठा हिस्सा या एका तालुक्याच्या डोंगरात साठतो. पावसाळ्यात ते गढूळ येते, आणि तो गाळ तळाशी बसवायला भांडुप-पांजरापूरच्या केंद्रांत जे अॅल्युमिनियमचे क्षार घालतात, ते तुरटीच्याच घरातले. मोठ्या हौदात जे होते ते शहापूरच्या पाड्यावर हंड्यात होत असे: तुरटीचा खडा पाण्यात दोनदा गोल फिरवायचा, आणि गाळ गोळा होऊन खाली बसेपर्यंत दुसरे काम उरकायचे. धरणांच्या कुशीतल्या त्याच पाड्यांवर मार्च-एप्रिलनंतर टँकर येतो, आणि त्या पाण्यातही खडा फिरवावा लागतो.

आणि शाईची राहिलेली गोष्ट. इंग्रज कचेऱ्यांतली शाई काजळीची नव्हती. ती लोहाची होती. त्यांच्याकडे हिरड्याऐवजी ओकच्या झाडावरच्या गाठी वापरत, ज्यांना आपण मायफळ म्हणतो आणि हिरड्याबरोबर सहाणेवर उगाळून बाळाला देतो. बाकी कृती तीच: टॅनिन, हिराकस, डिंक. लिहिताना अक्षर फिके दिसे आणि हवा लागली की काळे होत जाई, रंगाऱ्याच्या कापडासारखे. मुरबाड-शहापूरची रानं राखीव करणारे हुकूम, हिरड्याच्या मक्त्यांच्या नोंदी, राबाबद्दलच्या तक्रारींवरचे शेरे असल्या कारकुनी कामाला त्या काळात हीच शाई चाले.

टॅनिन आणि हिराकस एकत्र आले की काळा रंग बनतो आणि हिराकसातले गंधकाम्ल मोकळे होते. ते जायला वाट नसते. ते कागदात राहते, ओल लागली की जागे होते आणि तंतू खाऊ लागते. लोह त्याला साथ देते. आधी अक्षराभोवती तपकिरी कडा येते. मग अक्षराच्या मागच्या बाजूने ते अक्षर उमटते. मग वेलांटी, उकार, सहीचा लपेटा अशा ठिकाणी, जिथे शाई जाड बसली होती तिथे, कागद सुटून पडतो आणि अक्षराच्या आकाराचे भोक उरते. खेतडीच्या उकिरड्यावर दगड ज्या आम्लाने कुजत होता, तेच आम्ल दप्तराच्या रुमालात कागद कुजवते आहे. कोकणातल्या पावसाळी हवेत ते जरा घाईने चालते. फायलीच्या कडेला जिथे कारकुनाने ‘हिरडा’ या शब्दाखाली रेघ ओढली असेल, तिथे ती रेघ आधी फाटेल.